तिसरा चौरंग

कुरुमिदानी गावात जेवणावळीची भांडी कुणी विकत घेत नसे. डोंगराच्या कुशीत दडलेलं गाव, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि हिवाळाभर बर्फ. दर साली थंडीच्या तोंडाशी आदिगुरूंची पुण्यतिथी आली की घराघरांतून आळीपाळीने जेवणं व्हायची. ते जेवण तांबड्या लाखेच्या वाडग्यांतूनच वाढायचं, अशी रीत. आता लाखेचे वाडगे परवडणार कुणाला? ते डोहाकडून मागून आणायचे.

डोह गावाच्या वर, देवदारांच्या राईत होता. पाणी काळं, आणि इतकं निश्चल की वर पाऊस पडत असला तरी त्याला त्याचा पत्ता नसावा. जेवणाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या कर्त्या बाईने काठावर जाऊन बसायचं आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तसं सांगायचं, उद्या आमच्याकडे जेवण आहे हो, इतकी इतकी माणसं येतील. सकाळी काठच्या सपाट दगडावर तेवढे वाडगे मांडलेले असायचे. दगड दवाने ओला, वाडगे मात्र कोरडे ठणठणीत. जेवण झालं की धुवायचे, पुसायचे, त्याच दगडावर पालथे ठेवायचे आणि मागे न बघता घरी यायचं. खालून देतं कोण, हे कुणी विचारत नसे. शेजार म्हटला की काही गोष्टी विचारायच्या नसतात.

मोसुकेच्या घरातून हे काम त्याची आई इसो करायची. सून घरात आली, तिला दोन मुलं झाली, मुलं हाताशी आली, तरी म्हातारीने सुनेला डोहाची वाट दाखवली नव्हती. सून नुइ समुद्राकाठच्या, मीठ पिकवणाऱ्या गावची. कामाला दणकट, मनाने मऊ आणि सासूच्या मते जरा खुळी. "हिच्या हातात मुळा द्या, काही हरकत नाही," इसो शेजारणींना सांगायची. "पण गुपित देऊ नका. तेही मिठात घालून गावभर वाटत फिरेल." हे नुइच्या कानावर आलं की तीच सगळ्यांत जास्त हसायची.

त्या वर्षी इसोचा गुडघा सुजला. वाडगे मागायला ती कशीबशी काठी टेकत गेली, पण जेवण उरकल्यावर तिला उठवेना. नाइलाजाने तिने सुनेला बोलावलं आणि बजावलं, धुवायचे, पुसायचे, पालथे घालायचे, मागे बघायचं नाही. एवढं जमेल ना? नुइ म्हणाली, न जमायला काय झालं.

आणि तिथेच घात झाला. नुइच्या माहेरी शेजारणीचं भांडं रिकामं परत करणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. दोन सुके मासे घाला, चिमूटभर मीठ घाला, पण काहीतरी घालूनच द्यायचं. कुरुमिदानीतही हेच चाले. फक्त डोह तेवढा त्यातून वगळलेला होता, आणि ते सांगायला हवं हे कुणाला सुचलंच नाही, कारण तिथल्या प्रत्येकाला ते आपसूक माहीत होतं. नुइने आपल्या चुलीवरचा, लाल चवळी घातलेला भात घासभर घेतला, बांबूच्या पानावर ठेवला आणि शेवटचा वाडगा त्यावर पालथा घातला. सासूचा शब्दही राहिला, शेजारधर्मही राहिला. समाधानाने हात जोडून ती वळली.

चार पावलं गेली असेल नसेल, मागे वाडगा उलटल्याचा आवाज झाला. लाकडाचा दगडावर होतो तसा, हलका. मागे बघायचं नाही म्हणून तिने बघितलं नाही. तिला बरंच वाटलं. आपलं दिलेलं कुणीतरी घेतलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसताना मुलांची भांडणं लागली. योने, रिकि आणि सातो, तिघं चुलीभोवती येऊन बसली आणि मुलांना ज्यावर वाढायचं ते छोटे चौरंग निघाले दोनच. नुइने फळी धुंडाळली, माळा धुंडाळला. तिसरा चौरंग मिळेना. फोडला कुणी म्हणून तिने तिघांनाही दटावलं, तिघांनीही कानाला हात लावला. शेवटी एका खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर सातोला वाढलं. दुसऱ्या दिवशी झाकण रिकिच्या वाट्याला आलं, तिसऱ्या दिवशी योनेने समजूतदारपणे आपणहून घेतलं.

मग थंडी वाढली आणि मुलांचे थंडीचे कपडे बाहेर काढले, तर कापूस भरलेल्या बंड्या दोनच. पेंढ्याचे बूट दोनच जोड. नुइ स्वतःवर चिडली. तीन लेकरांची आई आणि एकाची बंडी शिवायचीच विसरली? विसरेल कशी? योनेच्या वेळी बर्फाने वाट बुजली होती आणि सुईण दुसऱ्या दिवशी पोचली, ते तिला आठवत होतं. रिकिचा पहिला टाहो आठवत होता. सातोने पहिल्यांदा बोट घट्ट धरलं ती दुपार आठवत होती. तिन्ही मुलांच्या कळा तिच्या अंगात होत्या. फळीवर मात्र धुळीत चौरंगाचे ठसे दोनच होते. तिसऱ्याची जागा तिथे कधी नव्हतीच.

इसो कोपऱ्यात अंथरुणावर बसून हे बघत होती. दोन दिवस ती गप्प होती, आणि इसो गप्प आहे हीच त्या घरात भिण्यासारखी गोष्ट होती. तिसऱ्या दिवशी मुलं अंगणात गेल्यावर तिने सुनेला जवळ बसवलं.

"वाडगे कसे ठेवलेस?"

"पालथे."

"रिकामे?"

नुइने सगळं सांगितलं. म्हातारीने कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. तिने फक्त आपला दुखरा पाय हातांनी उचलून सरळ केला आणि तिच्या सासूने तिला सांगितलेलं सुनेला सांगायला लागली.

डोहाखाली गाव आहे. हेच गाव, पाण्यात दिसावं तसं. जिथे आपलं घर, तिथे त्यांचं घर, जिथे आपली चूल, तिथे त्यांची. पोरंबाळंही आहेत. सगळं आहे, एक भूक नाही. म्हणून त्यांची भांडी कोरीच्या कोरी राहतात आणि म्हणूनच ती आपल्याला मिळतात. भूक नाही त्यामुळे कुणी कुणाची वाट बघत नाही, कुणी कुणासाठी घास काढून ठेवत नाही. आता अशातल्या एखाद्याच्या तोंडी आपल्या चुलीचा घास गेला तर त्याला भूक लागते. भूक लागली की तिथे राहवत नाही, तो वर येतो. ज्या चुलीचं खाल्लं, त्या चुलीचा होतो. आणि तो येतो तेव्हा नुसता येत नाही, आपला सगळा काळ घेऊन येतो. जन्म, बारसं, दुखणी-खुपणी, सगळं घरच्यांना आठवायला लागतं. तो आधीपासून इथलाच असतो.

"तिघांपैकी एक," नुइ म्हणाली.

"तिघांपैकी एक. कोण, ते त्यालाही ठाऊक नाही. विचारून उपयोग नाही."

"असू दे. राहू दे. एक बंडी जास्त शिवीन."

"तेवढ्यावर भागलं असतं तर मी तुला बसवून घेतलं असतं का?"

कारण घेतलेल्याची परतभेट केल्याशिवाय खालचे राहत नाहीत. तेवढी एक गोष्ट ते आपल्यासारखी पाळतात, आपल्यापेक्षा जास्त पाळतात. घास गेला, घास येणार. तिकडून एक भरलेला वाडगा येणार आणि या घरातलं जे कुणी त्यातलं खाईल त्याची भूक मरणार, ते खाली जाणार. आलेल्याच्याच हातात तो वाडगा दिला तर तो आपल्या घरी परत जातो आणि हिशेब मिटतो. चुकीच्या हातात दिला तर पोटचं जातं.

"मग ओळखायचं कसं?"

"ओळखता येत नाही. आणि चुकलीस तरी तुला कळणार नाही, हेच तर वाईट आहे." इसोने देव्हाऱ्याखालच्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे एक जुना कंगवा होता, त्याच्यापुढे रोज भाताचं एक शीत ठेवायची रीत. "तो कुणाचा?"

नुइला वाटायचं सासूचा, तिच्या तरुणपणचा.

"माझा नाही. माझ्या सासूचाही नव्हता. या गावात बहुतेक घरांत अशी एखादी बेवारशी वस्तू आहे, आणि ती टाकायची नसते. येणारा आठवणी घेऊन येतो ना, तसा जाणारा त्या घेऊन जातो. जो गेला तो कधी नव्हताच, असं होतं. या कंगव्याने केस विंचरणारी कुणीतरी या घरात होती. माझी नणंद असेल. माझी मुलगीही असेल." आणि मग नेहमीच्या सुरात, "मिट आता तोंड, माशी जाईल. मुळे चिरायचे राहिलेत."

मोसुके वर डोंगरात कोळशाची भट्टी लावायचा, चार-आठ दिवसांनी घरी उतरायचा. त्याला सांगितल्यावर तो बराच वेळ चुलीत लाकडं सारत बसला. तो वाईट बाप नव्हता. पण घाबरलेला माणूस उरकून टाकायच्या मागे लागतो, तसं त्याचं झालं. म्हणाला, सातो सगळ्यांत लहान, घास गेल्यावर आलेलं तेच असणार. इसो म्हणाली, येणारा मधल्या वयाचाही येतो, पिकल्या केसांचाही येतो. मग तो म्हणाला, चिठ्ठ्या टाकू. त्यावर नुइ म्हणाली, जरूर टाका, त्यात माझ्याही नावाची एक घाला. मोसुके उठून बाहेर गेला आणि अंगणात उगीच लाकडं फोडत राहिला. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि पुन्हा त्याने चिठ्ठ्यांचं नाव काढलं नाही.

गावात एक समज होता, की डोहाखालच्यांच्या तोंडून बुद्धाचं नाम निघत नाही. पुण्यतिथीच्या निमित्ताने देवळात प्रवचनं चाललीच होती. दर सालचे प्रवचनकार एन्गाकु म्हणून होते, म्हातारे, फाटक्या आवाजाचे. पण त्या फाटक्या आवाजाची मौज काय सांगावी. सुरुवात साध्या बोलण्याने, जणू पावसापाण्याची चौकशी चालली आहे. बोलता बोलता शब्द लांबायचे, लांबता लांबता त्यांना सूर फुटायचा, आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत बोलण्याचं गाणं झालेलं असायचं. सूर उंच जाऊन थबकला की सगळ्या देवळातून "नामान्दाबु, नामान्दाबु" असा नामाचा हुंकार उठायचा. म्हाताऱ्या बायका बाही डोळ्यांना लावून, पोरं पेंगत, पण नाम सगळे घ्यायचे.

नुइने तिन्ही मुलांना समोर बसवलं आणि स्वतः त्यांच्या तोंडांकडे बघत बसली. एन्गाकु त्या संध्याकाळी बुद्धाच्या प्रतिज्ञेची कथा गात होते. तो करुणामूर्ती पैलतीराच्या दाराशी पोचला. दार उघडं, आत उजेड. पण तो उंबऱ्यातच थांबला आणि मागे वळून म्हणाला, एक जरी मागे राहिला तरी मी आत पाऊल टाकणार नाही. इथे सूर चढला, चढला आणि तुटला. देऊळ हुंकारलं. योनेने नाम घेतलं. रिकिने घेतलं. सातोने घेतलं, डोळे मिटून, दोन्ही हात जोडून. तिघांचे आवाज त्या सगळ्या आवाजांत मिसळून गेले.

नुइ तिथेच रडायला लागली. सुटल्यासारखं रडली की अडकल्यासारखं, तिलाही उमगलं नाही.

प्रवचन संपल्यावर इसो काठी टेकत एन्गाकुंकडे गेली. आधी तिने त्यांना सुनावलं, की गेल्या वर्षीपेक्षा गळा बसला आहे, आल्याचा काढा घेत चला, आम्ही काय बेडकांचं ऐकायला येतो का. मग आवाज खाली आणून विचारलं, ती जी प्रतिज्ञा आहे, ती पाण्याच्या त्या बाजूच्यांनाही लागू आहे का?

एन्गाकु हसले नाहीत. म्हणाले, "आजी, मी इतकी वर्षं ती गातो आहे. तिच्यात बाजूंचा उल्लेखच नाही."

इसोने मान हलवली आणि काठी टेकत घराची वाट धरली.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी वाडगा आला. अंगणाच्या टोकाला दगडी बांध होता, त्यावर. तांबडा वाडगा, त्यात लाल चवळीचा भात, वर वाफ. भोवती कोवळं बर्फ पसरलेलं, त्यावर पाखराच्या पायाचासुद्धा ठसा नाही. नुइने वाकून वास घेतला. वासच नव्हता. कढत भात आणि वास नाही. तिने वाडगा उचलून ओढ्यात भिरकावला. दुसऱ्या सकाळी तो लाकडाच्या ढिगावर होता. तिसऱ्या सकाळी ओसरीच्या पायरीवर. भात तेवढाच, वाफ तेवढीच.

वाडगा जवळ येईल तशी मुलांची भूक वाढत चालली. जेवून उठायची आणि पुन्हा चुलीपाशी येऊन बसायची. कसला छान वास येतोय, योने म्हणाली, भाजलेल्या कांद्यांचा. रिकि म्हणाला, छे, नव्या तांदळाचा. सातो म्हणाली, आईच्या बाहीचा. तिघांची नाकं ओसरीकडे वळलेली. नुइने दाराला आडणा घातला आणि सगळ्या घरभर मिसोची, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची, फोडणी केली, की तो वास त्यात बुडावा. बुडाला नाही. शेजारणी कुंपणावर भाजी ठेवून जायच्या, पण आत कुणी यायची नाही. तिच्यावर त्यांचा राग नव्हता. त्यांच्याही घरी मुलं होती.

गंमत म्हणजे याच दिवसांत इसोने सुनेला छळ छळ छळलं. गुडघा दुखतोय म्हणता म्हणता घरभर फिरायची आणि चुका काढायची. मिसोच्या रांजणावर दगड असा ठेवतात होय? सर्दीची मुळी उन्हात वाळवतात? बियाणं कुठल्या पोत्यात, पोतं कुठल्या खुंटीला? म्हण पुन्हा. पुन्हा म्हण. डोहाशी बोलताना सुरुवात कशी करायची? आवाज एवढा मोठा नको, ते बहिरे नाहीत. मोसुकेला पोटदुखी झाली तर काय द्यायचं? नुइला वाटलं, म्हातारीच्या भीतीला असे काटे फुटलेत. ती निमूट शिकत होती, कारण शिकत असताना वाडग्याचा विचार मागे पडायचा.

एका सकाळी वाडगा उंबऱ्याच्या आत आला. संध्याकाळी सातो चुलीपाशी नव्हती. नुइ धावली. पोरगी उंबऱ्याशी मांडी घालून बसली होती, हात मागे बांधून घेतले होते आणि वाडग्याकडे बघत होती. "मी हात लावला नाही, आई," ती म्हणाली. "मी हात पकडून ठेवलेत." नुइने तिला उचलून पोटाशी धरलं. अंग गरम होतं, पोट खोल गेलं होतं. ही त्यांची असेल का? असली तरी काय, नुइच्या मनात आलं. हिने आपले हात आपणच पकडून ठेवले आहेत.

ती सासूपुढे जाऊन बसली. "उद्या मी खाते," म्हणाली. "भात मी दिला, परतभेट मी घेते. मुलांना काही आठवणार नाही. त्यांना दुःखही होणार नाही. मग हरकत काय?"

इसोने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "वा. सूनबाई निघाल्या. आणि सकाळी पेज कोण करणार? मोसुके? तो कोळसा करतो, पेजेचाही कोळसाच करेल."

"सासूबाई, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही." म्हातारीने तिचा हात आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांत तिने तो असा कधी घेतला नव्हता. तिचा तळवा खरखरीत आणि आश्चर्य वाटेल इतका उबदार होता. "मला एक सांग. तिकडे भूक नसते, हे खरं. पण इथून जाणारा आपली थोडी घेऊन जात असेल का?"

नुइला कळलं नाही. ती म्हणाली, असेल.

"असेल तर बरं. तिथे कुणीतरी कुणाचीतरी वाट बघायला शिकेल." मग हात सोडून ती म्हणाली, "खायचंच आहे ना तुला, तर उजाडल्यावर खा. पण आधी बर्फाखालचे मुळे काढून आण. घर रिकामं टाकून जाऊ नये. आणि आज मुलांना जवळ घेऊन नीज."

सकाळी आभाळ निवळलं होतं. नुइने झोपलेल्या मुलांच्या केसांवरून हात फिरवला, टोपली घेतली आणि घरामागे गेली. तिथे खड्ड्यात मुळे पुरून ठेवले होते. वर बर्फ, खाली पेंढा, त्याखाली मुळे. ती फावड्याने बर्फ उकरू लागली. परत जायचं, टोपली ठेवायची, हात धुवायचे, वाडगा घ्यायचा. सासूबाईंच्या पाया पडायचं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पेंढा बाजूला केला, पहिला मुळा हाताला लागला आणि तिचा हात थांबला.

काहीतरी करायचं होतं. हो, वाडगा. वाडगा आपण खायचा. त्याआधी कुणाच्यातरी… कुणाच्या? समोर देवदारांवरून बर्फाचा एक लोट घसरून पडला. मग तिने टोपली भरली, कारण ती आणली होती म्हणजे भरायची असणार, आणि घरात आली.

चुलीत आग पेटलेली होती. पेज शिजत होती, वर झाकण ठेवलेलं. मोसुके आदल्या दिवशीच भट्टीवरून उतरला होता, तो आत्ता कुठे उठून डोळे चोळत होता. तिन्ही मुलं अंथरुणात होती. तांबडा वाडगा चुलीच्या कडेला पालथा घातलेला होता, धुऊन, पुसून. नुइने तो उचलला. आत एक शीत नव्हतं.

तिने मुलांना हलवून जागं केलं, एकेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. योने. रिकि. सातो. मोसुके होता. ती स्वतः होती. सगळे होते. भात मात्र खाल्ला गेला होता.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

मोसुकेने घरभर नजर फिरवली. "सगळे तर आहेत."

"पेज कुणी लावली?"

"तूच लावली असशील."

तिने लावली नव्हती. आणि कोपऱ्यात एक अंथरूण होतं, नीट घडी घातलेलं. नुइने घडीत हात घातला. आत ऊब होती. उशाशी दुखऱ्या सांध्यांना लावायचा पाला बांधलेली फडकी, शेजारी काठी. या घरात काठी टेकणारं कुणी नव्हतं. तिने मोसुकेला विचारलं, तुमची आई? तो चकित झाला. म्हणाला, अगं, ती मी अंगावर पीत होतो तेव्हाच गेली, तुला ठाऊक आहे की. आणि नुइला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा हे घर बाईमाणसाविना होतं, हे तिला स्वच्छ आठवत होतं. रांजणावर दगड कसा ठेवायचा, मुळी कुठे वाळवायची, पोतं कुठल्या खुंटीला, हेही स्वच्छ आठवत होतं. कुणी शिकवलं, तेवढी जागा कोरी होती. वाडग्याच्या आतल्या बाजूसारखी कोरी, गुळगुळीत.

मुलांनी त्या सकाळी पोटभर पेज खाल्ली आणि आणखी मागितली नाही. सातो म्हणाली, वास गेला.

पेज झाल्यावर नुइने वाडगा बाहीत घेतला आणि ती डोहाकडे निघाली. मुलं मागे लागली, तिने येऊ दिलं. राईत शिरल्यावर त्यांची बडबड आपोआप थांबली. पाण्याच्या काठाला बर्फ चिकटलेलं, मध्ये पाणी काळं आणि निश्चल. तिने सपाट दगडावरचं बर्फ हाताने झाडलं आणि वाडगा ठेवला, पालथा, रिकामा.

आता वळून जायचं होतं. तिला जाववेना. या पाण्याखाली आत्ता कुणीतरी होतं, ज्याने तिच्या लेकरांपैकी एकाची जागा घेतली होती, किंवा तिचीच. ते कोण, हे तिला या जन्मी कळणार नव्हतं. ते तिच्यावर रागावलं होतं की माया करून गेलं, हेही नाही. आभार मानायचे तर नाव हवं. तिच्यापाशी दुसऱ्याच कुणाचं नाव होतं, तेच तिने घेतलं.

"नामान्दाबु," ती म्हणाली. "नामान्दाबु."

मागून मुलांनीही म्हटलं. रिकिने विचारलं, आई, कुणासाठी? ती म्हणाली, माहीत नाही रे, ज्याचं असेल त्याला पोचेल. आणि मग तिच्याही नकळत तिची कंबर वाकली, खोल वाकली, घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसापुढे वाकावी तेवढी. का, ते तिला सांगता आलं नसतं. कमरेला माहीत असावं.

पाणी हललं नाही. पण त्या अंधाऱ्या तळातून एक आवाज आल्यासारखा वाटला, फार दुरून, कुणीतरी कुणालातरी तिखट शब्दांत काही शिकवत असल्यासारखा. लगेच तो विरला. वारा असेल.

मागे न बघता ती वळली. मुलं पुढे पळत होती, बर्फात एकमेकांना ढकलत, हसत. देवदारांच्या खोडांआड ती दिसायची आणि नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. नुइ त्यांच्या मागून चालत राहिली आणि घर येईपर्यंत तिने ती एकदाही मोजली नाहीत.